दोरावर लटकलेला वीकेण्ड

शिडाच्या बोटीत शीड वर चढवणारा दोर म्हणजे हॅलयार्ड. तो कुठला घ्यावा यावर चार मित्र अख्खा पावसाळा भांडू शकतात. आणि मग त्यातल्या एकीला त्याच दोराला लटकावं लागतं...

शनिवार सकाळ, साडेआठ. तुमच्यापैकी निम्मे अजून पांघरुणात असतील, उरलेले जिमच्या वाटेवर. मी मात्र गेटवेसमोरच्या पाण्यात, एका डोलकाठीच्या टोकाला लोंबकळतेय. खाली नऊ मीटरवर आमची बोट. इथून ती रुमालाएवढी दिसते. बाजूने एलिफंटाची लाँच गेली की तिच्या लाटेने बोट जराशी डुलते, आणि खाली जे जराशी असतं ते वर चांगलं दीड-दोन मीटर असतं. डोलकाठीला मी दोन्ही पायांनी अशी मिठी मारलीय की बघणाऱ्याला वाटावं, फार जुनं प्रेम आहे.

खालून काका ओरडतात, "अगं, पोचलीस का? काय दिसतंय?"

दिसतंय ते काही बरं नाही. पण ते नंतर. आधी मी इथे कशी आले ते सांगायला हवं. शॉर्टमध्ये सांगायचं तर मीच खरेदी केलेल्या एका दोरामुळे.

चार मालक, एक बोट

आमची बोट चोवीस फुटी, वजन साधारण दीड टन, वय माझ्यापेक्षा जास्त. मालक चार. काका म्हणजे मर्चण्ट नेव्हीतून रिटायर झालेले, आमच्यातले एकमेव खरे दर्यावर्दी. इंजिनीअर, जो शिकला मेकॅनिकल आणि नोकरी करतो आयटीत (कोण करत नाही?). सीए, जिच्याकडे कॅश आणि व्हेटो दोन्ही असतात. आणि मी, फ्रीलान्स पत्रकार. माझा हिस्सा सर्वांत लहान आणि वजनही सर्वांत कमी. हा दुसरा मुद्दा पुढे महागात पडला.

सेलिंग म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हे मलाही वाटायचं. पण जुनी बोट चौघांत वाटली की जे येतं ते श्रीमंती नसून मेन्टेनन्स असतं. मुंबईत सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवायच्या आणि चार महिने त्यांच्यावर खर्च कसा करायचा याचा विचार करायचा.

गेल्या सीझनमध्ये, जानेवारीत, मेन हॅलयार्ड गेला. मेन म्हणजे मोठं शीड. त्याचा दोर शिडाच्या वरच्या कोपऱ्याला अडकवलेला असतो. तिथून तो डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून डोलकाठीच्या पोटात शिरतो, खाली बाहेर येतो आणि क्लचमध्ये अडकतो. गाडीचा क्लच नव्हे. हा म्हणजे दोराला दातांत धरून ठेवणारी एक चिमट्यासारखी वस्तू. नेमका त्या दातांच्या जागी आमच्या दोराचा कव्हर फाटला आणि आतला गाभा बाहेर डोकावायला लागला. नवा दोर आणायचा कुणी? मी त्या आठवड्यात एका स्टोरीसाठी मशीद बंदरला जाणार होते. नागदेवी स्ट्रीट तिथून चालत. झालं.

दुकानदाराने विचारलं, "ताई, कशाला पायजे?" म्हटलं, शिडाला. त्याने पांढराशुभ्र, रेशमासारखा चमकणारा, तीन पदरी पिळाचा दहा मिलिमीटरचा नायलॉन समोर टाकला. दोन टन ओढतो म्हणाला. मी एकच प्रश्न विचारला, "तुटणार नाही ना?"

"हत्ती बांधा, ताई."

त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं. प्रश्नच चुकला होता.

रो-रोने दोनदा ओव्हरटेक केलं

पुढच्या शनिवारी मांडवा. जाताना वारा पाठीशी, त्यामुळे बोट मस्त पळाली. जेट्टीवर वडापाव, चहा, भरपूर फोटो. खरी गंमत परतताना. दुपारी मुंबईच्या समुद्रावर वारा येतो तो वायव्येकडून, आणि मांडव्याहून गेटवेला यायचं म्हणजे साधारण तिकडेच तोंड करून यायचं. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. ती नागमोडी जाते, एकदा या बाजूने तिरकं, एकदा त्या बाजूने. किती तिरकं जावं लागेल हे शिडाच्या आकारावर ठरतं. आकार छान चपटा असला, तर बोट वाऱ्याच्या जास्त जवळून सरकते. शीड झोळीसारखं फुगलं, तर ती पुढे जाण्याऐवजी आडवी कलंडत राहते.

आमचं शीड झोळी झालं होतं. डोलकाठीजवळच्या कडेला आडव्या सुरकुत्या, पोट मागे सरकलेलं. काका म्हणाले, हॅलयार्ड ओढ. ओढला. सुरकुत्या गेल्या. वाऱ्याचा झोत आला, सुरकुत्या हजर! परत ओढला, परत तेच. तासभर मी विंचच फिरवत होते. मांडव्याकडून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो आमच्या शेजारून गेली. भाऊच्या धक्क्याला माणसं उतरवून, नवी भरून, ती परत मांडव्याकडे जाताना पुन्हा आमच्या शेजारून गेली. डेकवरच्या एका लहान मुलाने दोन्ही वेळा टाटा केला.

गेटवेला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. इंजिनीअरने तो दोर बोटांत धरून ओढून पाहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "हे तू रबर आणलंयस."

तुटणं आणि ताणणं

इथे मला एक साधी गोष्ट कळली, जी दोर विकत घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना बहुधा ठाऊक नसते. दोराची ताकद, म्हणजे तो किती किलोला तुटतो, हा आकडा मोबाइलच्या मेगापिक्सेलसारखा आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापतात, आणि लहान बोटीच्या हॅलयार्डसाठी त्याने फारसं काही ठरत नाही. आमच्या मेन हॅलयार्डवर फार तर दोन-अडीचशे किलोचा ताण येत असेल. बाजारातला कुठलाही धड दोर तेवढं सहज पेलतो. खरा प्रश्न असा, की तेवढ्या ताणाखाली तो लांब किती होतो?

गणित सोपं आहे. शीड पूर्ण वर असताना कप्पीपासून क्लचपर्यंत साधारण दहा मीटर दोर ताणाखाली असतो. तो तीन टक्के ताणला गेला, तर शिडाचा वरचा कोपरा तीस सेंटीमीटर खाली येतो. एक टक्का, तर दहा सेंटीमीटर. आमचा नायलॉन अर्ध्या मीटरच्या आसपास खाली येत असणार. आणि यातला सगळ्यात दुष्ट भाग असा, की वारा वाढला की दोर जास्त ताणतो. म्हणजे ज्या क्षणाला शीड चपटं हवं, नेमक्या त्याच क्षणाला ते फुगतं.

नायलॉन वाईट नाही हो. नांगराचा दोर, धक्क्याला बांधायचा दोर, तिथे तो राजा आहे. लाटेचा झटका बसला की तो ताणतो, झटका पोटात घेतो आणि परत मूळ जागेवर येतो. पाण्यात भिजला की त्याची ताकद थोडी उतरते, पण त्या कामाला ते चालतं. मी राजाला हमालीला लावलं होतं, इतकंच.

शिवाय माझ्या दोराला पीळ होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो, पण ज्याने ती केली त्याला दोरातलं कळत असणार. पिळाचा दोर ताणला की आधी पीळ सैलावतो, धागे ताणाच्या दिशेने सरळ होऊ पाहतात, आणि त्यातच दोर लांबतो. मग त्यात धाग्याचं स्वतःचं ताणणं मिसळतं. म्हणून शिडाला विणलेला दोर घेतात. आत एक गाभा, बाहेर वेगळ्या विणीचं कव्हर. त्यातही गाभ्याचे धागे जितके सरळ, तितका तो कमी ताणतो. एकाच धाग्याचे दोन दोर, पण वीण वेगळी, तर स्वभाव वेगळा. शाळेतली जुळी भावंडं आठवा.

व्हॉट्सॲपवरचं महाभारत

मे संपला, बोट बाहेर निघाली आणि ग्रुपवर भांडण सुरू झालं. इंजिनीअरला हवा होता डायनिमा. काकांना पॉलिएस्टर. सीएला हवं होतं एक्सेलशीट.

पॉलिएस्टर म्हणजे तुमच्या ऑफिसच्या इस्त्री न लागणाऱ्या शर्टातला धागा. शिडाच्या दुनियेत त्याला डेक्रॉन किंवा टेरिलिन म्हणतात. नायलॉनपेक्षा कितीतरी कमी ताणतो, उन्हाला बऱ्यापैकी दाद देत नाही, हाताला मऊ लागतो, गाठ धरतो आणि खिशाला परवडतो. 'प्रीस्ट्रेच्ड' म्हणजे कारखान्यातच ताण देऊन तयार केलेला घेतला, तर आणखी बरा. जगातल्या बहुतेक फिरस्त्या बोटी अजून त्यावरच शीड चढवतात.

डायनिमा वेगळी चीज. रासायनिकदृष्ट्या तो पॉलिथिन आहे, म्हणजे भाजीच्या पिशवीचा थोरला भाऊ! फक्त त्याच्या रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब आणि जवळजवळ सगळ्या एकाच दिशेला ओढून बसवलेल्या. म्हणून वजनाच्या मानाने तो पोलादापेक्षा कितीतरी मजबूत, पाण्यावर तरंगतो, आणि कामाच्या ताणाखाली एक टक्काही ताणत नाही. डच कंपनीने काढला तो डायनिमा, अमेरिकेत स्पेक्ट्रा. नावं दोन, जात एक. सहा मिलिमीटरचा डायनिमा तीन टनांहून जास्त ओढतो. म्हणजे आमची अख्खी बोट त्याला लटकवून वर आणखी एक टांगता येईल.

इंजिनीअरने हा आकडा ग्रुपवर टाकला तेव्हा मी नुसता हत्तीचा इमोजी पाठवला.

काकांचे आक्षेप मात्र मुद्द्याचे होते. डायनिमा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो. भजी तळायच्या तेलापेक्षाही कमी! ताणलेला दोर विंचवरून सर्रकन सोडला, तर घर्षणाने तो चिकटू शकतो. तो इतका गुळगुळीत, की साधी गाठ मारली तर सुळकन सुटते. आणि सहा मिलिमीटरचा दोर नुसत्या हाताने ओढून बघा, तळव्यावर नवी भाग्यरेषा उमटेल. आमचा क्लच तर आठ ते दहा मिलिमीटरसाठी बनलेला. बारीक दोर त्याच्या दातांतून घसरणारच.

शिवाय 'क्रीप'. हा ताणण्याहून निराळा प्रकार. ताण काढला की ताणलेला दोर परत येतो. क्रीप झालेला येत नाही. डायनिमावर सतत, दिवसेंदिवस वजन ठेवलं, विशेषतः उन्हात, तर तो कणाकणाने कायमचा लांबतो. पुढच्या ग्रेडमध्ये हे कमी केलंय. एसके 75 पेक्षा एसके 78 बराच बरा. आणि आमचं शीड तर संध्याकाळी खाली येतं. त्यामुळे क्रीपचं टेन्शन आम्ही घ्यायचं कारण नव्हतं, पण ग्रुपवर त्यावर तीन दिवस गेले. व्हेक्ट्रान नावाचा धागाही चर्चेत येऊन गेला. तो क्रीप होत नाही. 1997 मध्ये 'पाथफाइंडर' यान मंगळावर ज्या एअरबॅगांवर उशा टाकल्यासारखं उतरलं, त्या त्याच्याच होत्या. पण त्याला ऊन सोसत नाही. मंगळाचं माहीत नाही, कुलाब्यात तरी कव्हरशिवाय तो टिकायचा नाही. केव्हलरला पुन्हा वाकणं आवडत नाही, आणि हॅलयार्डचा जन्मच कप्पीवर वाकण्यासाठी.

मग काकांनी हुकमाचं पान टाकलं, 'सुहाइली'. ही बत्तीस फुटी बोट 1960 च्या दशकात आपल्या मुंबईत, सागवानात बांधली गेली. तिच्यावर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये एकट्याने, न थांबता, 312 दिवसांत जगाला फेरी मारून आला. असं करणारा तो पहिला. त्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, 2018 मध्ये, 'गोल्डन ग्लोब' पुन्हा भरवली तेव्हा नियमच असा केला, की तंत्र 1968 मधलं. कार्बन फायबर, स्पेक्ट्रा, केव्हलर सगळ्यांना बंदी. आपला अभिलाष टॉमी त्यात उतरला तो 'सुहाइली'च्याच प्रतिकृतीवर, 'थुरिया'वर. ती गोव्यात, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. ज्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदेंनी आणि नंतर अभिलाषने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही त्याच यार्डातली. 2018 मध्ये वादळात अभिलाषची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, आणि तरी हा माणूस 2022 च्या शर्यतीत परत उतरला आणि दुसरा आला.

"तर," काकांनी लिहिलं, "स्पेक्ट्राशिवाय जगप्रदक्षिणा होते. तुमचं मांडवा होत नाही?"

इंजिनीअर म्हणाला, "काका, त्यांना वर्षभर आहे. आपल्याला चहाच्या वेळेत परत यायचंय."

ऑगस्टमध्ये मी एक साधा प्रश्न विचारला आणि ग्रुप गप्प झाला. वरच्या कप्पीत आपला दोर बसतो कसा, हे शेवटचं कुणी पाहिलंय?

कुणीच नाही. विकत घेतल्यापासून कुणी वर गेलंच नव्हतं.

वर

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात आली आणि वर कोण जाणार हा प्रश्न वजनकाट्याने सोडवला. मी अठ्ठेचाळीस किलो.

लाकडी फळीच्या झोपाळ्यासारखी एक खुर्ची असते. ती हॅलयार्डला बांधतात आणि खालून विंचने तुम्हाला वर ओढतात. म्हणजे शीड चढवतात तसंच, फक्त शिडाच्या जागी तुम्ही. पहिला प्रयत्न मेन हॅलयार्डवर, म्हणजे माझ्या नायलॉनवर केला. काका विंच फिरवतायत, दोर सरकतोय, आणि मी जागेवरच बसलेली! अर्धा मीटर दोर नुसता ताणण्यात गेला, मग मी हळूच डेकवरून उचलली गेले आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखी वरखाली व्हायला लागले. सीए व्हिडिओ काढत होती.

काकांनी खाली उतरवलं. पुढच्या शिडाचा हॅलयार्ड जुना पण पॉलिएस्टरचा होता. कव्हर धड, रंग उडालेला. मला त्याला बांधलं, आणि नायलॉन दुसरा दोर म्हणून ठेवला. वर जाताना नेहमी दोन दोर. एक वजनासाठी, एक जिवासाठी. अडकवायच्या हुकावर विश्वास ठेवायचा नाही, दोन्ही दोर गाठीने बांधायचे. काकांनी स्वतः बोलाइन मारली, ओढून बघितली, मलाही ओढायला लावली. नायलॉनच्या टोकाशी थोडा 'केस' आला होता. मीच म्हटलं, "नवा दोर असा जरा फुलतोच." कुठून आलं हे ज्ञान, देव जाणे. बोलायला काय जातं?

वर पोचले. एका हाताने डोलकाठी धरून मान तिरकी केली आणि कप्पीत पाहिलं.

चाकाची खाच गोल नव्हतीच. ती अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. एके काळी आमच्या बोटीचा हॅलयार्ड दोराचा नव्हे, पोलादी तारेचा होता. जुन्या बोटींवर असायचे तसे, वर तार आणि खाली धरायला दोर. त्या तारेने वर्षानुवर्षं चाकाच्या कडा घासून त्यांना धार आणली होती. बोट फिरवलं तर कातडी सोलवटली. दहा मिलिमीटरचा जाड दोर त्या खाचेत उतरतच नव्हता. तो दोन पात्यांवर बसत होता. आणि माझा नायलॉन प्रत्येक झोताला अर्धा मीटर पुढेमागे होत होता. म्हणजे करवत स्थिर, लाकूडच हलतंय.

मग मी त्या 'केसा'कडे नीट पाहिलं. माझ्या गाठीच्या वीतभर वर, तीन पदरांपैकी एक पदर जवळजवळ पूर्ण कापलेला होता. दुसऱ्याची सुरुवात झालेली. हाच माझा जिवासाठीचा दोर.

"काय दिसतंय?" खालून काका.

मी म्हटलं, "काका, आधी खाली घ्या. हळू."

नऊ मीटर उतरायला चार मिनिटं लागली असतील. मी सगळा वेळ त्या जुन्या, रंग उडालेल्या पॉलिएस्टरकडे बघत होते. एवढ्या प्रेमाने मी कुठल्याच वस्तूकडे पाहिलं नसेल.

डेकवर आल्यावर काका काही बोलले नाहीत. त्यांनी तो कापलेला पदर अंगठ्याने उलगडला, बघितला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, हे मी बघायला हवं होतं." त्यांची चूक, माझी चूक यावर आम्ही कधी बोललो नाही. मात्र ग्रुपवरचं डायनिमा-पॉलिएस्टर भांडण त्या सकाळी संपलं. त्या चाकावर डायनिमा घातला असता तर एका सीझनमध्ये तोही गेला असता, फक्त जास्त पैसे घेऊन.

शेवटी काय घेतलं?

पहिला खर्च दोरावर नव्हे, कप्पीवर. दारूखान्यातल्या एका लेथवाल्याने जुनं चाक बघून डेलरीनचं नवं करून दिलं. खाच गोल, दोराच्या जाडीपेक्षा किंचित रुंद, कडा गुळगुळीत. त्याने विचारलं, कशाचं आहे? सांगितलं. तो म्हणाला, "मग पॉलिश अजून एक हात मारतो." दोराचा दुकानदार आणि हा यांत फरक एवढाच, की याने पुढचा प्रश्न विचारला.

मेन हॅलयार्डला आम्ही इंजिनीअरचं ऐकलं, अर्धं. गाभा डायनिमा एसके 78, वर पॉलिएस्टरचं कव्हर, जाडी आठ मिलिमीटर. ताकदीसाठी सहा पुरला असता, पण क्लचला आणि हाताला आठ लागतो. गाभा ताण घेतो. कव्हर ऊन, क्लचचे दात आणि विंचची झीज घेतं. किंमत मीटरमागे साध्या पॉलिएस्टरच्या जवळजवळ तिप्पट पडली आणि सीएने एक्सेलमध्ये तो सेल लाल केला. मेनलाच का? कारण वायव्येच्या वाऱ्यात घरी आणणारं शीड ते, आणि त्याच्याच सुरकुत्यांनी आमचा जीव खाल्ला होता. लांबी डोलकाठीच्या दुप्पट, अधिक कॉकपिटपर्यंतचं अंतर, म्हणजे पंचवीस मीटर. आम्ही सत्तावीस घेतला. दोर झिजतो तो नेहमी कप्पीवरच्या त्याच वीतभर जागी. दोन मीटर जास्त असले की दरवर्षी टोक थोडं कापून झिजणारी जागा पुढे ढकलता येते. लांब पल्ल्याचे दर्यावर्दी हेच रोज करतात, दोर काही इंच सरकवून.

पुढच्या शिडाचा जुना पॉलिएस्टर तसाच ठेवला. तो बदलायचा विषय कुणी काढला तर मी व्हेटो वापरणार आहे. आणि स्पिनेकरसाठीचा जो तिसरा हॅलयार्ड बिनकामाचा लोंबत असायचा, त्याच्या जागी नवा दहा मिलिमीटरचा पॉलिएस्टर, काकांच्या पसंतीचा. माणसं वर चढवायला. त्यात गाठ छान बसते आणि ती बसलेली डोळ्यांना दिसते.

डायनिमाचा फास गाठीने करायचा नाही, स्प्लाइस करायचा, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच पोटात पुरायचं. गाठीत कुठलाही दोर बरीच ताकद गमावतो, कधी कधी निम्म्यावर येतो. स्प्लाइसमध्ये फारच थोडी. इंजिनीअरने यूट्यूब बघून दोन रविवार घालवले. पहिल्या खेपेला टोक पुरलं ते बाहेरच येईना. दुसऱ्या खेपेला ओढल्यावर सगळंच बाहेर आलं. तिसरा स्प्लाइस काकांनी विंचवर ताणून बघितला आणि पास केला.

नवा दोर डोलकाठीच्या पोटातून नेताना जुन्याच्या टोकाला शिवायचा आणि जुना हळूहळू ओढायचा. जुना आत सुटला की संपलं, पुन्हा कुणीतरी वर. आम्ही जुन्या दोराआड आधी एक बारीक सुतळी ओढून ठेवली आणि मग नवा. आता पावसाळ्यातही तेच करणार. हॅलयार्ड काढून, गोड्या पाण्यात साध्या साबणाने धुऊन, सावलीत. डोलकाठीत चार महिने नुसती सुतळी. मिठाचे कण विणीत बसले की दोर आतून खरवडला जातो, बाहेरून कळतही नाही.

कप्पी बसवायला मला दुसऱ्यांदा वर जावं लागलं. या वेळी जुन्या पॉलिएस्टरवर वजन, नव्यावर जीव. दोन्ही दोर मी डेकवर बसून टोकापासून टोकापर्यंत बोटांतून फिरवले, वीतभर वीतभर. वीस मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी परत मांडवा. येताना वारा तोच, वायव्येचा, नेहमीपेक्षा जरा जास्तच. झोत आला, मी सवयीने विंचच्या हँडलला हात घातला. काका म्हणाले, "राहू दे." पुढच्या कडेला एक सुरकुती आली आणि तिथेच थांबली. रो-रो दिसली, पण एकदाच.

गेटवेला चहा व्हायच्या आत पोचलो. कापलेला भाग छाटून उरलेला नायलॉन आम्ही नांगराला लावलाय. तिथे तो हवा तेवढा ताणतो, कुणी त्याला काही बोलत नाही.